उजव्या पायाची चप्पल

पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या जरा अलीकडे आमचं चपलांचं दुकान आहे आणि दुकानापुढच्या चौथऱ्यावर एक भलीमोठी चप्पल आहे. नवरा-बायको दोन पोरांना घेऊन तिच्यात बसून फोटो काढतात, एवढी मोठी. आहे फक्त उजव्या पायाची. दुसरी कुठंय, असं येणारा-जाणारा विचारतोच. "देवळात गेल्ती, चोरीला गेली," हे वडिलांचं ठरलेलं उत्तर.

ती त्यांनीच केली. सांगाडा एका वेल्डरकडून घेतला, तळाला ट्रकचे जुने टायर कापून लावले, पट्टे चामड्याचे केले आणि त्यांना तेल पाजलं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. आई म्हणायची, "म्हातारपनी ह्यान्ला राक्षसाचं गिऱ्हाईक गावलंय." मीही चिडवण्यात मागे नव्हते. पण दुकान मी चालवते, आणि भरधाव गाडीतून पाटी कुणी वाचत नसलं तरी असली चप्पल दिसल्यावर ब्रेक लागतोच, हे मला लगेच कळलं होतं.

चूक एकच झाली. पावसाचं पाणी साचू नये म्हणून आम्ही तिला चौथरा बांधला. रस्त्याकडेला चौथरा दिसला की आपल्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. फोटोला चढणारे आधी पायातलं खाली काढून ठेवू लागले. चपलेत चढायला चप्पल काढायची! मी हसून हसून बेजार. मग कुणीतरी चपलेच्या अंगठ्याला कुंकू लावलं. पाठोपाठ झेंडूची माळ आली, उदबत्ती आली, नारळ आले. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कुनाचं काय जातंय."

एके दुपारी शिर्डीला निघालेली एक गाडी थांबली. ड्रायव्हर आतल्या मंडळींना सांगत होता, "ही जागृत पादुका आहे. शेत नांगरताना सापडली." वडील दुकानाच्या पायरीवरच बसले होते. त्यांचा चेहरा असा उतरला, की माझं हसू तिथंच संपलं.

"म्या हात सोलून केली, आन् ही लोकं म्हनत्यात सापडली," रात्री ते एवढंच बोलले आणि अर्धी भाकरी टाकून उठले.

मला संताप आला. आजोबांनी गावभर पायताणं पुरवली. लग्नात नवरदेवाच्या पायात आमचा जोडा असायचा आणि आम्ही मांडवाबाहेर. शिवणारा कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. आता कुठे आमच्या हातची एक वस्तू चारचौघांत उभी राहिली, तर म्हणे जमिनीतून निघाली!

दुसऱ्याच दिवशी शेजारचा हॉटेलवाला आला. "तात्या, वर पत्र्याचा मंडप मारू. गर्दी वाढंल, धंदा तुमचाबी हुईल, माझाबी." हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. तरी मी नाही म्हणणार, तोच वडील म्हणाले, "उद्या सकाळी या."

सकाळी तो आला तेव्हा वडील रापी, आरी आणि दोऱ्याचं रीळ घेऊन निघाले होते. पायातल्या चपलांसकट ते चौथऱ्यावर चढले. माळा उतरवल्या. नारळ हॉटेलवाल्याच्या हातात दिला, "चटनीला व्हईल." मग त्या मोठ्या चपलेच्या टाचेवर मांडी ठोकून त्यांनी दुरुस्तीचं काम पुढ्यात घेतलं.

"अहो तात्या, पाय लागतोय की!"

"चपलेला पाय न्हाई लावायचा, तर कशाला लावायचा?"

हॉटेलवाला नारळ घेऊन परत गेला. इतका अभिमान मला वडिलांचा आधी कधी वाटला नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तासाभराने एक गाडी थांबली. कुटुंबातला कर्ता माणूस चपला काढून, हात जोडून पुढे आला आणि टाचेवर बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून गोंधळला. वडील जागचे हलले नाहीत. त्यांची नजर खाली त्याच्या चपलेवर होती. पट्टा सुटायला आला होता.

"नमस्कार नगं. काढलीच हाय तर द्या हिकडं, टाका मारतो."

त्याने दिली. टाका पडेपर्यंत तो अनवाणी उभा राहून ते पट्टे, तो तळ न्याहाळत होता. मग त्याने विचारलं, "बाबा, ही एवढी मोठी केली कुणी हो?"

वडिलांनी दोरा दातांनी तोडला.

"म्या," ते म्हणाले.