रंगारीभाऊजींची घट्ट कॉफी

समोरच्या घरातले रंगारीभाऊजी म्हणजे आमच्या जिन्यावरचा सर्वात हट्टी माणूस, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तीस वर्षं त्यांनी छतं रंगवली. खाली माणूस पेपर वाचत बसला तरी पेपरावर थेंब पडायचा नाही, अशी त्यांची ख्याती. त्यातली निम्मी त्यांनीच पसरवलेली, पण उरलेली निम्मी शंभर टक्के खरी.

असा हा शिडीवरचा राजा बाथरूमच्या दारात घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. प्लास्टर निघालं तेव्हा हात इतका थरथरायचा की त्यांच्या कपबशीचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो तिसऱ्या दिवशी माझ्या गॅलरीत येऊन पडला. चुकून म्हणे!

तेवढ्यात ठेकेदाराचा निरोप आला, "शाळेच्या सभागृहाचं छत तुमच्यासाठी महिनाभर थांबवतो. हात चालला नाही तर दुसरा माणूस बघतो." भाऊजींनी जेवण निम्म्यावर आणलं.

तेव्हा त्यांच्या बायकोनं, आमच्या ताईंनी, डोकं चालवलं. "अहो, मला ती फेसाळ थंड कॉफी प्यावीशी वाटतेय. मिक्सर बिघडलाय, तुम्हीच फेटा." मिक्सर ठणठणीत होता. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे.

दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे कढत पाणी. एवढंच. पण भाऊजी पडले रंगारी. वाटीतलं जरा घट्ट झालं की लगेच म्हणायचे, "असा ब्रश ओढला जाणार नाही," आणि वर पाण्याची धार. तीन दिवस आम्ही काळं गोड पाणी प्यायलो.

"अहो, भिंतीला लावायचंय का? पातळ करू नका!" ताई शेवटी कडाडल्या.

चौथ्या दिवशी पाण्याचं भांडंच त्यांच्यापासून लांब ठेवलं. चाळीस फेऱ्या झाल्या आणि चमचा गळून पडला. डावा हात पुढे आला की ताई नुसत्या खाकरायच्या. दुसऱ्या आठवड्यात दीडशे फेऱ्या. काळं होतं ते तपकिरी झालं, मग फिकट, मग मऊसूत. "हा तर मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनच्या भिंतीला दिलेला रंग!" भाऊजी ओरडले. ग्लासात बर्फ, थंडगार दूध, वर तो फेस. त्यांच्या मनगटापायी मी दोन किलो वाढले, पण शेजारधर्म म्हटला की माघार नाही.

महिना भरला त्या दुपारी ठेकेदार आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर चकचकीत टक्कल. मी दारातच उभी होते, साखर मागायच्या निमित्ताने.

"हात दाखवा."

"बसा," भाऊजी म्हणाले, आणि त्याच्यासमोर फेटायला लागले. चारशे फेऱ्या, मध्ये विसावा नाही. मग उठले, उजवा हात सरळ डोक्यावर नेला आणि ती वाटी ठेकेदाराच्या टकलावर उलटी धरली.

"अहो, अहो! शर्ट!"

"हलू नका. हात बघायचाय ना? बघा की."

ताईंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. फेस जागचा ढळला नाही. फेसाचं सोडा हो, चांगला फेटला की तो कुणाचाही राहतो. पण तो वर गेलेला हात! कपबशी वाजवणारा हाच तो हात, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

ठेकेदारानं रुमालानं कपाळ पुसलं. "सोमवारी सकाळी सात. शिडी आमची, ब्रश तुमचे. आणि ती वाटी आता सरळ करा."

मी साखर विसरून टाळ्या वाजवल्या. ताई आत गेल्या, माळ्यावरून ब्रशांचं पुडकं काढलं आणि महिनोन् महिने पडून कडक झालेले ते सगळे ब्रश एकेक करून भिजत घातले.