आत मोठी माणसं आहेत

"चपला बाहेर. आत मोठी माणसं आहेत."

हे वाक्य आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचं. आत म्हणजे दहावीच्या वर्गात आणि मोठी माणसं म्हणजे इंग्लंडातले दोन-चार मेलेले कवी. गद्य धडा असला तर चपला चालायच्या, कवितेला नाही. कवितेच्या तासाला दाराशी चपलांचा ढीग पडायचा आणि सर कवीचं नाव घेताना कानाची पाळी धरायचे, गवई आपल्या उस्तादाचं नाव घेताना धरतात तशी. गवयाला निदान गाता येतं.

शाळा मुंबई-आग्रा रस्त्यावर, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. मी तिथे मराठी शिकवायची. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही दोघं नाशिकहून एकाच एसटीने जायचो. भर वैशाखातही सरांच्या गळ्यात टाय असे आणि टायवर वरणाचा डाग. तो डाग कधीचा, यावर शिक्षकांच्या खोलीत पैजा लागत. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. नसेल पाहिला तर तुमचं नशीब चांगलं.

त्या वर्षीची कविता बर्फात मेलेल्या एका पाखरावर होती. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशा थंडीत पोरं शहाबादी फरशीवर अनवाणी उभी, पायांची बोटं निळी पडलेली, आणि सर डोळे मिटून म्हणायचे, "फील करा. बर्फ फील करा." बूट त्यांनीही काढलेले असत, पण पायात लोकरीचे मोजे होते.

पुस्तकात अर्ज कसा लिहावा, सूचना कशी वाचावी, दवाखान्यात काय विचारावं, असेही धडे होते. ते सर दोन तासांत उरकायचे. "अर्ज लिहायला कारकून आहेत," म्हणायचे. एकदा पालकसभेला सिंधूची आई आली. परदेशी पाठवायची द्राक्षं जिथे पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसवर ती घड कातरायच्या कामाला जायची. हात जोडून म्हणाली, "सर, पोरीला नर्स व्हायचंय. फॉर्म भरता यावा, औषधाचं नाव वाचता यावं, येवढं शिकवा. लय उपकार व्हतील."

"फॉर्म नाही, बाई," सर म्हणाले, "संस्कार. मी संस्कार देतो."

ती बिचारी "बरं" म्हणून गेली. संस्कार आणि नर्सिंग यांचा काहीतरी संबंध असेल असंच तिला वाटलं असणार.

सिंधू हुशार होती आणि तिला गप्प बसता येत नसे. दिवाळीनंतर एक दिवस सरांनी तिला कवितेचा अर्थ विचारला. पुढचं मी शेजारच्या वर्गातून ऐकलं. मधली भिंत म्हणजे नुसता प्लायवूडचा पडदा होता.

"कवी पाखराला काय म्हणतात?"

"कवी म्हनतो, ऊठ, आता वसंत येईल."

"म्हणतो? तुमचा सालगडी आहे का तो? म्हणतात म्हण."

"सर, वणीच्या देवीला बी आम्ही तूच म्हनतो."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "देवी तुमची आहे. हे तुमचे नाहीत. जा, चपलांपाशी बस. तुझी जागा ती."

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. मी म्हटलं, "सर, मुलांचे नाहीत तर मग शिकवता कशाला?"

"लांबून दर्शन घडवायला," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. मला बरं वाटलं.

एक सांगते. कविता वाईट नव्हती. मी मुद्दाम घरी नेऊन शब्दकोश घेऊन वाचली. मेलेल्या पाखराशी एक माणूस वेड्यासारखा बोलत बसतो, एवढंच तिच्यात होतं, तरी शेवट मी तीनदा वाचला. असं वेड सिंधूला सगळ्यात आधी कळलं असतं. पण सर दारात आडवे उभे. आपण पुजारी नसलो तर देव चोरीला जाईल, अशी त्यांना भीती होती. म्हणून सिंधू दिवाळीपासून प्रत्येक कवितेला चपलांपाशी बसली. माफी माग म्हटलं तर "कशाची?" विचारायची.

जानेवारीत पॅकहाऊसवर एक गोरा साहेब आला. इंग्लंडातल्या दुकानांसाठी द्राक्षं तपासायला, चांगला पंधरा दिवस मुक्कामाला. संस्थेच्या एका संचालकांच्या बागेतलाच माल होता, म्हणून ते त्याला शाळा दाखवायला घेऊन आले. सरांचा दिवस उगवला. त्यांनी टाय बदलला. साहेबालाही बूट काढायला लावले. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, पण गडी हसत आत गेला. आम्ही सगळे शिक्षक मागे भिंतीला टेकून उभे होतो.

सरांनी कान धरला, कवीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि अख्खी कविता म्हटली. मग कमरेत वाकून विचारलं, "सर, व्हॉट इज युवर हंबल ओपिनियन?"

हंबल, तेही पाहुण्याच्या मताला! संचालकांनी खोकून घेतलं. साहेबाने कवीचं नाव पुन्हा विचारलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नेव्हर हर्ड ऑफ हिम." बाहेरून सिंधू कुजबुजीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली, "नाव बी नाय ऐकलं म्हनतो!" साहेबाने वर्गाकडे पाहिलं. यातली बरीच पोरं शाळा सुटली की आईबरोबर पॅकहाऊसवर असायची, ती त्याला ओळखू आली. गंमत करावी म्हणून त्याने अंगठा खाली केला आणि ओरडला, "रिजेक्ट!"

तो शब्द त्या पोरांना पाठ होता. घडात एक मणी सडका निघाला की साहेब तेच म्हणायचा आणि अख्खी पेटी बाजूला पडायची. वर्ग फुटला. पोरं बाकांवर हात आपटत होती. मीही हसले, पदर तोंडाशी नेण्याचीही तसदी घेतली नाही. सगळ्यांत मोठं हसू बाहेरून, चपलांजवळून येत होतं.

परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. ओझरच्या पुढे आल्यावर बोलले. "बाई, त्याला नावही माहीत नव्हतं. त्याच्याच देशातला." थोड्या वेळाने म्हणाले, "मला इंग्रजी बोलता येत नाही हो. नुसतं पाठ येतं. माझं तेवढंच आहे." त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी मला त्यांची खरंच दया आली. नाशकातला द्वारका चौक आला, आम्ही उतरलो, तोवर ती टिकली.

कारण दहावीच्या तोंडी परीक्षेचे मार्क त्यांच्या हातात होते. साहेबावर राग काढता येत नाही, संचालकांवर तर नाहीच. सिंधूवर येतो. सरांनी तिला तोच प्रश्न विचारला, कवी काय म्हणतात. ती म्हणाली, "कवी म्हनतो, ऊठ." हे त्यांनी स्वतःच आम्हाला शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, चहा ढवळत. "एक 'तात' म्हणाली असती तरी चाललं असतं. नाही म्हणाली. मी मार्क दिले नाहीत."

"सर, तुमच्या कवीला तिच्या 'तात'ची गरज नव्हती," मी म्हटलं. "तिला तुमच्या मार्कांची होती."

"मान राखायला शिकेल," ते म्हणाले.

मी मुख्याध्यापकांकडे गेले, भांडले. ते फाईल बंद करत म्हणाले, "बाई, विषयशिक्षकाचा अधिकार आहे तो." निकाल लागला. सिंधू बाकी सगळ्या विषयांत चांगली पास, इंग्रजीत गेली, आणि तेही तोंडीचे साधे मार्क असते तर निघाली असती. तिची आई फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती. "बाई, सगळ्यात पास हाय म्हन्त्यात, मंग नापास कशी?" ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण नापास पोरगी घरात कशाला ठेवायची, म्हणून त्याआधीच तिचं लग्न लावून दिलं. मखमलाबादला, फुलशेतीवाल्यांकडे.

सर यथाकाल निवृत्त झाले. निरोपसमारंभात मुलांनी चपला घालूनच भाषणं ऐकली. पुढे काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. मी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दाराशी चपलांचे मोजके जोड होते, त्यातला एक माझा. आत सर चटईवर, आणि कोणीतरी गळ्यात टाय बांधला होता.

हार सांगितला होता. तो घेऊन एक बाई जिना चढून आली. डोक्यावर पदर, हातात झेंडूचा जाड हार. दाराशी मला पाहून थबकली. सिंधू होती.

"बाई, तुम्ही? कोन गेलं?"

"आपले इंग्रजीचे सर."

तिने हार या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, "गेला का?"

मी जन्मभर मराठी शिकवली. देवालाही आपण अरे म्हणतो, आईलाही अगं म्हणतो. सिंधूचं ते 'गेला' तसलं नव्हतं. ते मी लगेच ओळखलं, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. तरी मेलेल्या माणसाची कणव येतेच. मी म्हटलं, "सिंधू, आत ये. हार तूच घाल."

तिने दारातून आत वाकून पाहिलं. मग खाली चपलांकडे पाहिलं आणि हार माझ्या हातात दिला.

"नको बाई. आत मोठी मानसं असतील."

आणि पायातली चप्पल न काढता ती जिना उतरून गेली.