चालू म्हणजे तयार नव्हे

चोल्वे हामूंगा इस्पितळाचा सर्व्हर सांभाळायचा, आणि चिडायचा. दोन्ही कामं मनापासून. मोंझेजवळच्या त्या इस्पितळात वीज रोज जायची. परत आली की सर्व्हर उठायचा आणि राजधानी लुसाकातल्या कंपनीने लिहिलेली स्क्रिप्ट एकेक काम सुरू करायची: आधी डेटाबेस, मग तीस सेकंद थांबून रुग्णांचं रजिस्टर.

तीस सेकंद कुणी ठरवले? लुसाकात गार खोलीत कोऱ्या यंत्रापुढे बसलेल्याने. इथे वीज अचानक गेली की डेटाबेसला आपला पसारा आवरायलाच चार मिनिटं लागत. त्याआधीच रजिस्टर उघडायचं, नोंदी मिळाल्या नाहीत की कोरी यादी दाखवायचं, आणि वर निर्लज्जपणे हिरव्या अक्षरांत लिहायचं: चालू. मग चोल्वे धावत येऊन ते हाताने बंद करून पुन्हा लावायचा.

एका सोमवारी तो काकाच्या अंत्यविधीला गेला होता, आणि वीज नेहमीसारखी जाऊन आली. त्या दिवशी बिना मीझिंगा, म्हणजे मीझिंगाची आई, वीस किलोमीटर चालत आपल्या रोजच्या गोळ्या न्यायला आली. औषधांच्या खिडकीतल्या बाईने कोरी यादी पाहिली आणि तिचं नावच नाही म्हणून सांगितलं. ती आल्या वाटेने परत गेली. नऊ दिवसांनी तिला तापाने फणफणलेल्या अवस्थेत बैलगाडीतून आणलं.

"परत का नाही आलात, आई?" चोल्वेने विचारलं.

"नाव नाही म्हणाले. मला वाटलं, मला काढून टाकलं."

चोल्वेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लुसाकाला सिताली इंजिनियरला फोन लावला. सिताली लोझी जमातीचा, चोल्वे टोंगा; आणि टोंगा माणसाने लोझीला थट्टेत वाट्टेल ते बोलावं अशी रीतच आहे. पण आज थट्टेचा सूर लागेना.

सितालीचं म्हणणं, त्याच्याकडे सगळं हिरवं दिसतंय.

"तुम्ही कुणाच्या अंगणात जाता तेव्हा बाहेरून ‘ओदी’ अशी हाक देता ना?" चोल्वे म्हणाला. "मग आतून उत्तर येईपर्यंत थांबता, की तीस मोजून घरात घुसता?"

सिताली हसला. करार आमचा आहे, स्क्रिप्टला हात लावू नका, असं बजावून त्याने फोन ठेवला.

चोल्वेने त्याच दुपारी हात लावला. मोजून थांबणं काढून टाकलं. आता डेटाबेसला दर पाच सेकंदांनी हाक जायची, आणि त्याने एक खरीखुरी नोंद काढून दाखवली तरच रजिस्टर उघडायचं. तोवर खिडकीत मोठ्या अक्षरांत दिसायचं: नोंदी अजून तयार नाहीत, कुणालाही परत पाठवू नका.

दोन आठवड्यांत वीज अकरा वेळा गेली. एकही माणूस रिकाम्या हाताने गेला नाही. मग कंपनीची तक्रार आली, आणि प्रमुख डॉक्टर हाचिपुकांनी चोल्वेला बोलावून ताकीदपत्र समोर ठेवलं. परवानगीशिवाय फेरफार, पुन्हा घडल्यास नोकरी जाईल. नेमकी सकाळीच वीज जाऊन आली होती. बाहेर खिडकीपाशी बाई एकेकाला नावाने हाक मारत होती.

चोल्वेने सही केली. टोपण लावलं.

"लेखी द्या, डॉक्टर," तो म्हणाला, "की जुनी स्क्रिप्ट परत घाल. आत्ता घालतो."

हाचिपुकांनी कोरा कागद पुढे ओढला. बाहेर बाईने बिना मीझिंगाचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी पेन हातात धरलं, पण लिहिलं काहीच नाही.