आभाळ स्वच्छ, सिग्नल गायब

नाशिकमधलं आमचं मोजणीचं ऑफिस छोटं, पण किस्से इतके की चहा निवतो तरी संपत नाहीत. निम्म्यांमागचा गुन्हेगार एकच, आयनोस्फिअर!

आमचं मशीन उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा आणि उंची काढतं. वाटेत खूप वर विजेने भारलेला थर असतो, तोच आयनोस्फिअर. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्य मावळला की त्यात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लटपटतो. नाशिक त्याच पट्ट्यात! मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास तर विचारूच नका.

हे कळेपर्यंत आमचा ऑपरेटर दिनू रोज संध्याकाळी केबल बदलायचा. शेवटी वैतागून त्याने मशीनला लिंबू-मिरची बांधली. सकाळी मशीन झकास! त्यानंतर कितीतरी दिवस दिनू ऐटीत फिरत होता.

एकदा मुंबईहून साहेबांचा फोन आला. "आभाळ स्वच्छ आहे ना? मग सिग्नल कसा नाही?"

आमच्या शैला मॅडम म्हणाल्या, "सर, नुसते ढग असते तर चाललं असतं!"

चांदवडला एका बाबांचा कांद्याचा मळा मोजताना तेच झालं. बाबा शांतपणे म्हणाले, "दिवस बुडल्यावर बैल बी लय काम करत नाय. जाऊ द्या त्याला घरी!"

पण खरी कसोटी पेठकडच्या एका पाड्यावर लागली. झऱ्याचं पाणी पाइपने आपोआप टाकीत उतरवायचं होतं, आणि झरा टाकीहून जेमतेम पुरुषभर उंचावर. मोजता मोजता दिवस मावळला आणि मशीन म्हणालं, टाकीच झऱ्याहून वर! कंत्राटदार खूश, पंप म्हणजे मोठं बिल. "मॅडम, सही करा, पंप बसवून टाकू."

पाड्यावरच्या सोनाबाई कळवळल्या. "इथं लाईट टिकत नाय. पंप बसवला तर डोईवरचा हंडा काय उतरायचा नाय!"

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकलं. "सकाळी पुन्हा मोजणार. तोवर सही नाही." कंत्राटदाराने वरपर्यंत फोन लावले, पण मॅडम ढिम्म हलल्या नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला. सकाळी झरा वर निघाला आणि पंपाशिवायच पाइप टाकला गेला.

पाणी सोडायच्या दिवशी पाहुणे उशिरा आले, झऱ्याचं पाणी टाकीत सोडेपर्यंत सूर्य मावळला. कंत्राटदाराचा राग अजून गेला नव्हता. टाकीला टेकून तो म्हणाला, "मॅडम, आता मोजा बघू!"

मॅडमनी मशीन लावलं. आकडा आला, टाकी वर, झरा खाली!

"बघा, बघा! मी काय म्हणत होतो?" कंत्राटदार सगळ्या पाहुण्यांना ओरडून सांगू लागला.

सोनाबाई म्हणाल्या, "सायेब, जरा बाजूला व्हा. टाकी भरून वाहते हाय, तुमचे बूट भिजले!"