आमच्याकडे गहू बंद आहे

किस्से सांगायला मिळावेत म्हणून कुणी आजारी पडत नाही. पण नवऱ्याला सिलिॲक निघालं की किस्से आपोआप साठतात, चार दिवसांचं धुणं साठावं तसे. बाहेर काढले नाहीत तर डोकं फिरतं. माझं फिरलेलंच आहे, तेव्हा ऐकाच.

आधी आजार सांगते, म्हणजे मध्येच कुणी "म्हणजे ॲलर्जी का?" असं विचारायला नको. गहू पोटात गेला की प्रशांतचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. पोट फुगतं, जुलाब लागतात, अंगात रक्त राहत नाही. यावर गोळी नाही. गहू जन्मभर बंद, कणभरसुद्धा नाही. एवढं समजायला काही मेडिकल कॉलेजात जावं लागत नाही. पण आमच्या लोकांना समजेल तर शपथ!

*

आम्ही गडचांदूरला राहतो, प्रशांत सिमेंट कंपनीत आहे. शेजारच्या काकूंकडे पूजा होती. मी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, यांना गव्हाचं काही देऊ नका. तर काकू मोठ्या प्रेमाने द्रोणभर शिरा घेऊन हजर. मी म्हटलं, काकू, हा गव्हाचाच ना.

"गहू कुठी हाय यात? रवा हाय!"

रवा काय झाडाला लागतो? पण प्रसाद परत करायचा नसतो, म्हणून मीच खाल्ला. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की ही बाई नवऱ्याच्या वाट्याचंही खाते.

*

माझं सासर मूल गावचं. चुलत दिराचं लग्न होतं. धानाचा मुलूख, भाताला काय तोटा? प्रशांतने वाढणाऱ्याला सांगितलं, मला फक्त भात वाढ. त्याने भात वाढला आणि सवयीने वर दोन पोळ्या ठेवल्या. हे म्हणाले, अरे, पोळी चालत नाही मला. त्याने पोळ्या उचलल्या, भाताला चिकटलेलं पीठ बोटांनी झटकलं आणि ताट पुढे सरकवलं.

"घ्या भाऊ, आता एकदम साफ."

अख्खी पंगत हसली. मी ते ताट उचलून बाजूला ठेवलं, दुसरं मागितलं. तेव्हापासून भर लग्नात तमाशा करणारी सून म्हणून माझी ओळख आहे. पीठ झटकणाऱ्याला कुणी काही बोललं नाही.

*

यांच्या कंपनीतले मित्र तर थोरच. पोळी बंद झाली म्हटल्यावर त्यांनी टिंगल केली. धान खाणाऱ्या माणसाला पोळी पचत नाही, यात आजार कसला, म्हणे. डबा उघडला की रोज तोच विनोद. मग कुणाला तरी कळलं, की जवाची असते म्हणून डॉक्टरांनी बिअरही बंद केली आहे. त्याच संध्याकाळी सगळे मिळून घरी आले, फळं घेऊन. एकाने तर डोळे पुसत विचारलं,

"वहिनी, इतकं सिरीयस हाय, तं सांगितलं काऊन नाई?"

*

आता हसून झालं असेल तर ओवीचं सांगते. ओवी आमची मुलगी, तिसरीत. वर्गाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी असते, कारण सगळ्यात बुटकी. सतत पोट दुखतं, चेहरा पांढराफटक. शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, डब्यात जरा पौष्टिक देत जा. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, की हिचंच दूध कमी पडलं. वर्षानुवर्षं मी ऐकून घेतलं. मग प्रशांतचे डॉक्टर म्हणाले, आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला की मुलांनाही असण्याची शक्यता वाढते, मुलीचं रक्त तपासून घ्या. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, रागही आला. इतकी वर्षं मला बोलणाऱ्यांपैकी एकानेही यांच्या बाजूला बघितलं नव्हतं.

सासूबाई भडकल्या. "चांगल्या पोरीले रोग काऊन चिकटवून राह्यली? उद्या तिचं लग्न जमन का?"

तिसरीतल्या पोरीचं लग्न!

*

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. तपासणी होईपर्यंत ओवीचा गहू चालू ठेवा. आधीच बंद केलात, तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. हे मी सासूबाईंना दोनदा समजावून सांगितलं, कारण उन्हाळ्याची सगळी सुट्टी ओवी त्यांच्याकडे मूलला राहणार होती. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. मी फोनवर विचारायची, ओवी पोळी खाते ना? त्या म्हणायच्या, "खाऊन राह्यली ना बाई, पोटभर."

सुट्टी संपली. मूलहून परस्पर चंद्रपूरला नेऊन सकाळी रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट हातात, एकदम चांगला!

मी लॅबच्या पायरीवरच रडले. सासूबाई पेढे घेऊन संध्याकाळीच गडचांदूरला आल्या आणि शेजारच्या काकूंपासून सगळ्यांना वाटले. सुनेच्या डोक्यातलं खूळ एकदाचं गेलं, असं प्रत्येकीला सांगितलं. मी तेही ऐकून घेतलं. लेक धड असेल तर खूळ तर खूळ.

त्याच रात्री जेवायला बसलो. मी ओवीच्या ताटात पोळी वाढली. तिने हात लावला नाही, आधी आजीकडे पाहिलं.

"आजी, आता खाऊ का? रक्त देऊन झालं ना?"

प्रशांतने घास खाली ठेवून आईकडे पाहिलं. सासूबाई ताटात बघत म्हणाल्या, "पोरीच्या भल्यासाठीच केलं म्या."

ओवीने पोळी माझ्याकडे सरकवली.

"आई, मला भातच दे. मूलला माझं पोट एकदाही दुखलं नाही."