कपाटाआडची खिडकी

माझी मावशी कृत्रिम हातांना रंग देते. आत सांगाडा आणि वरून रबरासारखा मऊ मोजा, असा तो हात असतो. त्या मोज्याचा रंग गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या हाताशी जुळावा लागतो, नाहीतर लांबूनही खोटा कळतो. आमच्या कारखान्यात हे काम तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. मी पुढच्या खोलीत मापं घेते आणि तक्रारी ऐकते, म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडे.

मावशीचं लग्न झालं नाही. तिला बघायला आलेला माणूस तिच्या धाकट्या बहिणीला पसंत करून गेला, कारण धाकटी उजळ होती. ती धाकटी म्हणजे माझी आई आणि तो माणूस म्हणजे माझे वडील. घरात यावर कुणी बोलत नाही. मी एकदा वडिलांना तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "वयाचा प्रश्न होता गं." डोंबलाचा वयाचा प्रश्न! मला अजूनही त्यांचा राग येतो.

त्यामुळे रंगावरून कुणी काही बोललं की मावशीचा पारा चढतो. एकदा डावा हात गेलेले एक गृहस्थ आले. म्हणाले, "नवीनच बनवताय तर जरा गोरा बनवा की." मावशी ब्रश हातात घेऊनच बाहेर आली. "उजवाही काढून आणा, दोन्ही गोरे करून देते." ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत आणि मालकांनी माझ्याशी अबोला धरला, जणू मीच बोलले होते.

अशी ही मावशी. जुना साचेवाला निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेला नवा माणूस दुसऱ्या धर्माचा निघाला, तेव्हा हीच मावशी माझ्या कानात म्हणाली, "या लोकांवर नजर ठेवावी लागते हं."

साचेवाला प्लास्टरमध्ये हाताचे साचे काढतो. त्याचं टेबल मागच्या खोलीत खिडकीपाशी होतं आणि मावशीचं त्याच खोलीत आतल्या भिंतीकडे. नवा माणूस पन्नाशीचा, अबोल, कामाला चोख. जेवण झालं की खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून थोडा वेळ प्रार्थनेला बसायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मावशीच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. आधी तिने स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे आणून ठेवली. मग रंगाच्या बरण्यांच्या झाकणांवर पेन्सिलीने खुणा करायला लागली, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. आणि एका सकाळी वॉचमनला हाताशी धरून तिने लोखंडी कपाट ओढलं आणि दोन टेबलांच्या मधोमध उभं केलं. मालक मागच्या खोलीत क्वचितच यायचे, त्यांना पत्ताही नव्हता.

"कपाट कशाला गं?" मी विचारलं.

"डोकं शांत राहतं."

"त्या गोरा हात मागणाऱ्याला फाडून खाल्लंस आणि स्वतः काय करते आहेस?"

"ते वेगळं, हे वेगळं," ती म्हणाली. "रंग माणूस जन्माला येताना घेऊन येतो, बिचाऱ्याच्या हातात काय असतं? धर्म मनातला असतो. चुकीचा असेल तर सोडता येतो की."

कपाटापलीकडून शांत आवाज आला. "मग ताई, आधी तुम्ही सोडून बघा. कसं वाटतं ते सांगा मला."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला पढवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी माझ्यामार्फत बोलायला लागली. तो समोर उभा असला तरी "त्याला सांग, मनगटाचा साचा लवकर दे म्हणावं."

तोही काही साधुसंत नव्हता. एकदा मला म्हणाला, "तुमच्या मावशीसाठी मी रोज प्रार्थना करतो. चांगली बाई आहे, पण वाट चुकली आहे बिचारी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला त्याची कीव आणि त्याला हिची! दोघांचाही देव वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर राहायला कुणी तयार नाही. मला तर वाटतं, रंगावरून हिणवणारा निदान इकडेतिकडे बघून बोलतो. धर्मावरून हिणवणारा मात्र तुमचं भलं करायला निघालेला असतो, त्याला लाज कुठून वाटणार? पण माझं कोण ऐकतंय.

मग तक्रारी सुरू झाल्या. पहिली आली एक शाळेतली शिक्षिका. "घरात छान दिसतो हो हात, पण रस्त्यावर पिवळा पडतो. मुलं बघत बसतात." मावशीने दुसरा मोजा करून दिला, तोही परत आला. तिच्यामागून आणखी काही जण आले, सगळ्यांचं रडगाणं तेच. मालक हवालदिल झाले. मावशीने बरण्या हुंगून बघितल्या, बोटांवर रंग चोळून बघितला आणि म्हणाली, "कुणीतरी माझ्या रंगात काहीतरी कालवतंय." म्हणाली कुणीतरी, पण बघत होती कपाटाकडे.

माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू? हा सगळ्यांच्या आधी का येतो? खिशात छोटी बाटली कसली ठेवतो? बाटलीत डोळ्यांत घालायचं औषध निघालं. तरी मी म्हटलं, असेल दुसरी एखादी. झाकणांवरच्या खुणा जागच्या जागी होत्या, तर मावशी म्हणे, "हुशार आहे. नेमकं तसंच लावून ठेवतो."

मालकांना साचेवाला दुसरा मिळाला असता, मावशी दुसरी मिळाली नसती. त्यांनी त्याला सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे बघा. घरी त्याची बायको अंथरुणाला खिळलेली आणि या वयात त्याला नवी नोकरी कोण देणार? तो मालकांना फक्त म्हणाला, "मी त्या बरण्यांना हात लावलेला नाही." कुणी विश्वास ठेवला नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशी ती शिक्षिका आली होती. मावशीच्या टेबलावर तिने आपला खरा हात ठेवला, शेजारी नवाकोरा खोटा. ट्यूबलाइटखाली दोन्ही अगदी जुळे भाऊ. मालक खूश झाले. "बघा, हा जायच्या आतच सुधारणा झाली." तेवढ्यात साचेवाल्याचं जड सामान बाहेर काढायला वॉचमनने कपाट बाजूला ढकललं.

खिडकीतलं ऊन थेट टेबलावर पडलं. खरा हात तसाच राहिला आणि खोटा हळद लावल्यासारखा पिवळा झाला.

"हेच!" शिक्षिका ओरडली. "हेच सांगत होते मी!"

मावशीचा चेहरा उतरला. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात फसवू शकतो, हे तिनेच मला शिकवलं होतं. प्रत्येक हात ती खिडकीशी नेऊन, उन्हात बघूनच द्यायची. कपाट लागल्यापासून खिडकी त्याच्या बाजूला गेली आणि तिने तिकडे पाऊल टाकणं सोडलं होतं.

"म्हणजे रंगात कुणी काही कालवलं नव्हतं तर," मालक म्हणाले. "हे कपाट इथे आणलं कुणी?"

"मी," मावशी म्हणाली.

"कशासाठी?"

मावशी ब्रश पुसायला लागली. मी मनात म्हणत होते, बोल, बोल की आता. साचेवाला खांद्यावर पिशवी घेऊन उभा होता. तोच बोलला, "माझ्या प्लास्टरची धूळ उडते साहेब. त्यांच्या रंगात जाते, म्हणून लावलं असेल."

"असं होय!" मालक म्हणाले.

मावशी म्हणाली, "हो. धूळ."

मला ओरडावंसं वाटत होतं, पण मालकांनी त्याला तिथल्या तिथे पिशवी खाली ठेवायला सांगितली. नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक पत्र्याचा डबा घेऊन आला आणि कपाट हलल्यावर मोकळ्या झालेल्या, दोन टेबलांच्या मधल्या फरशीवर पाणी शिंपडायला लागला. धूळ बसावी म्हणून. रोज, न चुकता. हा चांगुलपणा आहे की टोचणी, मला काही केल्या कळेना. तोंडावरून तर काहीच दिसायचं नाही. मावशी मान खाली घालून रंग कालवत बसायची आणि पाणी तिच्या पावलांपाशी यायचं. जेवण तिला जाईना. एकदा मी विचारायला गेले तर माझ्यावरच खेकसली.

मग एका सकाळी ती उठली आणि त्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"नाही उडत धूळ," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यामार्फत बोलली नाही. "कधीच उडत नव्हती."

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि डबा परत घ्यायला त्याने हात पुढे केला.