निवडुंगाची दृष्ट

काल हायडेलबर्गच्या बॉटनिकल गार्डनमधल्या काचघराचं दार ढकललं, आणि तापलेल्या कोरड्या मातीच्या वासासरशी सासूबाई आठवल्या.

खूप वर्षांपूर्वी त्या पुण्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. इथला मेक्सिकोच्या वाळवंटातला निवडुंग तेव्हा थेट छपराला भिडला होता.

"काय गं, काटेरी झाड दारातसुद्धा लावू नये म्हणतात, आणि ह्यांनी त्याला घर बांधून दिलंय!"

"अहो आई, आता छप्परही उंच करणार आहेत. झाड कापायचं नाही म्हणे."

सासूबाई झाडाजवळ गेल्या. मान मागे टाकून त्यांनी ते हिरवं, पन्हाळी पडलेलं खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं. शेंड्याला पांढऱ्या फुलांचा गजरा होता. त्यांनी हवेतूनच त्याच्यावरून हात उतरवले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"इतकं देखणं! दृष्ट लागेल हो."

झाडांना पाणी घालणाऱ्या जर्मन बाई बघतच राहिल्या. माझ्या छोट्या लेकीने त्यांना जर्मनमध्ये समजावलं, "आजी त्याला जपतेय." "आख सो!" म्हणजे 'अस्सं होय!' म्हणत बाईंनीही बोटं मोडून पाहिली. एकही वाजलं नाही. आम्ही चौघी पोट धरून हसलो.

सासूबाई आता नाहीत. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती.

काल त्याच जर्मन बाई, आता केस पिकलेल्या, मला ओळखून पुढे आल्या आणि त्यांनी शेंडा दाखवला. उंच झालेल्या छपराखाली नवी फुलं होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात उतरवले, कानशिलांवर टेकवले.

दहाही बोटं वाजली.